फायबरची होडी आणि तिच्या पोटातले लाकूड

पेण आणि रोहे ही नावे घेतली की समुद्र डोळ्यांपुढे येत नाही. पेण म्हणजे गणपतीच्या मूर्ती आणि पापड; रोहे म्हणजे चिंतामणराव देशमुखांचे गाव, आणि अलीकडे धाटावची कारखान्यांची वसाहत. पण भरतीच्या वेळचा नकाशा डोळ्यांपुढे आणला तर दोन्ही गावे बंदरेच ठरतात. भोगावती पेणहून अंतोऱ्याच्या बंदराकडे जाते आणि धरमतरच्या खाडीला मिळते. त्याच खाडीत नागोठण्याकडून अंबा येते. कुंडलिका रोहे आणि अष्टमी यांच्यामधून वाहत जाऊन रेवदंडा नि कोर्लईच्या मध्ये समुद्र गाठते. डोंगराच्या पायथ्यापर्यंत खारे पाणी आणून सोडणाऱ्या या वाटांनीच खारेपाटातले भात आणि मिठागरांतले मीठ मुंबईला जात असे. रस्ता आणि रेल्वे आल्यावर ही वाहतूक सरली. आज धरमतरच्या खाडीत दिसतात त्या डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे जाणाऱ्या बार्जेस, वाळूच्या आणि मासेमारीच्या होड्या, आणि अधूनमधून चिखलात कलंडून पडलेली एखादी जुनी फायबरची स्पीडबोट. या लेखाचा विषय ती कलंडलेली बोट आहे. ती तिथे का पडली आणि पुन्हा उभी राहू शकते का, या दोन प्रश्नांत आपल्या खाडीकाठच्या कारागिरीचा गेल्या पन्नासेक वर्षांचा इतिहास सापडतो.

आधी लाकडी होडीकडे पाहू, कारण फायबरचे दुखणे तिच्यावाचून कळणार नाही. मचवा, पडाव, गलबत, फत्तेमारी या साऱ्यांची जात वेगळी असली तरी घडण एकाच विचाराची होती. खाली पठाण, म्हणजे होडीचा कणा, त्यावर बरगड्या, बरगड्यांवर फळ्या. फळ्यांच्या सांध्यात कापूस ठोकायचा, बुडाला चुना आणि तेल किंवा चरबी यांचा लेप द्यायचा. यातला कोणताही भाग कायमचा नसे आणि तो तसा असावा अशी अपेक्षाही नसे. फळी कुजली की फळी काढायची, बरगडी गेली की बरगडी. अशी एक एक फळी बदलत होडी किती जगते याचा मोठा दाखला मुंबईचाच आहे. वाडिया घराण्याने मुंबईच्या गोदीत १८१७ साली सागवानात बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही लढाऊ नौका आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर आहे. १९९० ते २००१ अशी सुमारे अकरा वर्षे तिची डागडुजी चालली होती.

या डागडुजीला एक पंचांगही होते. पाऊस लागण्याआधी होड्या वर ओढायच्या, झापांखाली शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा पाण्यात लोटायच्या. मधल्या दिवसांत दर्या बंद आणि सुताराला काम. करवत, पटाशी, रंधा यांना पावसाळी हवेचे वावडे नव्हते. लाकूड दमट असले तरी बिघडत नसे, कारण होडी पाण्यात गेल्यावर ते फुगायचेच आणि फुगल्यानेच सांधे घट्ट व्हायचे. म्हणजे होडीची कमाई आणि होडीची दुरुस्ती एकमेकींच्या आड येत नव्हत्या. पुढे जे सांगायचे आहे ते या सोयीवरच टेकलेले आहे.

आता फायबर. १९३२ मध्ये अमेरिकेत डेल क्लाइस्ट हा तरुण संशोधक काचेचे ठोकळे जोडू पाहत असताना वितळलेल्या काचेवर हवेचा झोत बसला आणि काचेचे बारीक तंतू उडाले. त्यातून काचतंतूंचा धंदा उभा राहिला. त्याच दशकात पॉलिएस्टर रेझिन आले आणि १९४२ मध्ये ओहायोतल्या रे ग्रीनने या दोहोंची लहान होडी बनवली. पहिल्या फायबर होडीचा मान सहसा तिलाच दिला जातो. पुढच्या तीस वर्षांत हे तंत्र इतके विश्वासाचे झाले की ब्रिटिश आरमाराने 'विल्टन' ही सुरुंग शोधणारी आख्खी युद्धनौका फायबरची बांधली. ती १९७३ मध्ये सेवेत आली.

आपल्याकडे फायबर आले ते मुख्यतः लाकडाच्या टंचाईमुळे. सागवान महाग झाले, जुने सुतार उरले नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने १९७९ मध्ये मद्रासला मुख्यालय ठेवून 'बे ऑफ बेंगाल प्रोग्राम' सुरू केला. पूर्व किनाऱ्यावरच्या कोळ्यांसाठी लाटांतून थेट वाळूवर येणाऱ्या होड्यांचे जे नमुने त्यात तयार झाले, त्यांत फायबरचा वाटा मोठा होता. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत मदत म्हणून फायबरच्या होड्यांचे अमाप वाटप झाले. कोकणच्या खाड्यांत ते दोन दारांनी शिरले. एक, जुन्या लाकडी होडीला बाहेरून फायबरचे अस्तर; दोन, साच्यातून निघालेली तयार होडी.

साचा हा शब्द पेणकराला समजावून सांगावा लागत नाही. मूर्ती साच्यातून निघते तशीच होडी निघते, फक्त क्रम उलटा असतो. मूर्तीला रंग शेवटी. होडीत मात्र साच्याच्या आतल्या गुळगुळीत अंगाला आधी रंगीत जेलकोट फासतात, त्यावर रेझिनमध्ये भिजवलेल्या काचेच्या चटया आणि विणलेले कापड थरावर थर बसवतात, आणि सुकल्यावर होडी उचलून काढतात. बाहेरून जे पहिले दिसते ते घडणीतही पहिले असते. कणा नाही, बरगड्या नाहीत. एक अखंड कवच. ती कुजत नाही, तिला वाळवी लागत नाही, दरवर्षी कापूस ठोकावा लागत नाही. 'एकदा घेतली की बघायला नको' हे विक्रेत्याचे बोलणे खरे वाटावे अशीच ती असते.

कवचापुरते ते खरेही आहे. अमेरिकी तटरक्षक दलाने १९५० च्या दशकाच्या आरंभी बांधून घेतलेल्या चाळीस फुटी फायबर गस्तीनौकेचे तुकडे कापून दहा वर्षांनी आणि पुन्हा वीस वर्षांनी तपासले, तेव्हा कवचाची ताकद फारशी घटलेली आढळली नाही. मग होड्या मरतात कशाने? बहुतेक वेळा, त्यांच्या पोटातल्या लाकडाने. पातळ कवच नुसते उभे राहत नाही, लवते. म्हणून तळाला लांबीभर आधार देतात, पायाखाली फळ्यांचा मजला करतात, आणि मागच्या उभ्या भिंतीत, जिच्यावर इंजिन टांगले जाते त्या ट्रान्सममध्ये, जाड प्लायवूड घालून ते फायबरने मढवतात. पुढे कुणीतरी पंपाची नळी बसवायला त्यात एक भोक पाडतो, कुणी शिडी अडकवायला दोन स्क्रू मारतो. भोकातून पाणी आत शिरते, आणि मढवलेले असल्यामुळे बाहेर पडत नाही. लाकडी होडीचे लाकूड उन्हावाऱ्यात वाळायचे. फायबरच्या पोटातले लाकूड कायमचे ओल्या फडक्यात बांधल्यासारखे असते. लाकूड नको म्हणून आणलेली वस्तू लाकडामुळेच जाते, आणि तेही आतल्या आत, डोळ्याआड.

वेगवान बोटीत हे दुखणे अधिक घातक. मासेमारीची होडी पाणी कापत जाते. स्पीडबोट वेग घेतल्यावर पाण्याच्या अंगावर चढून धावते आणि तिचा सारा भार मागच्या काही फुटांवर येतो. तेवढ्या भागात तळ सरळ नसेल, आधार कुजून त्याला किंचितही बाक आला असेल, तर बोट नाक खुपसते किंवा उड्या मारू लागते. शिवाय जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांच्या जागी आलेली फोर-स्ट्रोक इंजिने सहसा अधिक जड असतात, आणि ती त्याच जुन्या ट्रान्समवर टांगली जातात.

म्हणून पुनर्बांधणीची पहिली पायरी कापाकापीची नव्हे, टेकू देण्याची. कवचाला तिच्या मूळ आकाराची लाकडी बैठक करून त्यात बसवावे लागते. आधीच मजला आणि आधार उपटले तर कवच पसरते आणि त्या पसरलेल्या आकारातच नवे आधार चिकटतात. दुसरी पायरी कानांची. लहान हातोडीने इंच इंच ठोकत जायचे: निरोगी जागी टणक आवाज, कुजलेल्या किंवा थर सुटलेल्या जागी भद्द. शंका असेल तिथे बारीक भोक पाडून भुसा पाहायचा. काळा आणि ओला निघाला की निकाल लागला. मग आतून मढवण कापून कुजके प्लाय काढायचे, कवच वाळू द्यायचे, भारतीय मानक ७१० चे मरीन प्लायवूड कापून त्याच्या कडा आणि प्रत्येक भोक रेझिनने बंद करून बसवायचे.

सर्वांत मोठी फसगत होते ती जोडात. ताज्या थरावर ताजा थर रासायनिकरीत्या एकजीव होतो; वीस वर्षांच्या जुन्या पॉलिएस्टरवर नवा थर केवळ खरवडलेल्या पृष्ठभागाला धरून राहतो. म्हणून चीर पडलेल्या जागी नुसती पट्टी मारून चालत नाही. कवचाच्या जाडीच्या साधारण बारा पट रुंदीचा उतार घासून घ्यायचा आणि मग थर चढवायचे. शक्य तर पॉलिएस्टरऐवजी महाग पण चिवट इपॉक्सी वापरायचे. घासताना उडणारी काचेची धूळ फुप्फुसात जाते. तोंडाला रुमाल गुंडाळून हे काम करण्याची आपली रीत मला धैर्याची वाटत नाही, निष्काळजीपणाची वाटते.

आणि इथे पंचांग आडवे येते. रेझिनला कोरडी हवा लागते. आषाढात काचेच्या चटया दमट होतात, थर नीट धरत नाहीत, उघडलेले कवच वाळतच नाही. फायबरच्या दुरुस्तीचा खरा हंगाम दिवाळीनंतर ते चैत्र-वैशाखापर्यंतचा. त्यातही कडक उन्हात रेझिन वाटीतच आवळून येते, म्हणून हार्डनर बेताने आणि काम सकाळी. पण हेच दिवस मासळीचे, हेच पर्यटकांचे. राज्यातली मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे जेव्हा होडी रिकामी असते तेव्हा तिला हात लावता येत नाही आणि जेव्हा लावता येतो तेव्हा मालकाला ती रिकामी ठेवणे परवडत नाही. लाकडी होडीची कमाई आणि दुरुस्ती यांचा जो मेळ होता तो फायबरने मोडला, असे माझे मत आहे. पावसात घाईने मारलेल्या पट्ट्या दसऱ्यापर्यंत सुटतात आणि दोष 'फायबर'वर येतो. पक्क्या छपराची, बाजूने बंद अशी एक सामाईक शेड अंतोऱ्याला किंवा रोह्याच्या खाडीकाठी असती, तर यातल्या निम्म्या होड्या वाचल्या असत्या. झापांच्या शाकारणीला जे भागत होते ते रेझिनला भागत नाही.

कौशल्य आपल्याकडे नाही असे कुणी म्हणू नये. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली 'म्हादेई' ही शिडाची नौका २००९ मध्ये नौदलाकडे आली. तिच्या कवचात लाकडी पट्ट्यांचा गाभा आहे आणि दोन्ही अंगांना इपॉक्सीत भिजवलेले काचेचे कापड. तिच्यातूनच कमांडर दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. त्याच कारखान्याच्या 'तारिणी'तून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी जगाला फेरी घातली. लाकूड आणि काच एकत्र नांदू शकतात. पण लाकडाला पाण्यापासून शेवटच्या भोकापर्यंत जपले तरच.

जी होडी कुणी उभी करत नाही तिचे काय होते, हेही पाहायला हवे. लाकडी होडी मोडली की तिच्या फळ्या दाराला, गोठ्याला, अखेर चुलीला जात. फायबर जाळले तर विषारी धूर, पुरले तर तसेच राहते, भंगारवाल्याला त्याचे मोल नाही. इंजिन काढून घेतल्यावर कवच भरतीरेषेवर पडून राहते, त्यात पावसाचे पाणी साचते.

१८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये त्या वेळच्या होड्यांच्या जाती आणि त्यांची घडण नोंदवलेली आहे. मचवा कसा होता हे आज आपल्याला त्यावरून कळते. फायबरच्या होड्यांची तशी नोंद कुठे दिसत नाही. कोणत्या साच्यातून कोणती होडी निघाली, तिच्या ट्रान्सममध्ये कोणते प्लाय आहे, कुठे आणि कधी ठिगळ लावले, हे एखाद्या कारागिराच्या डोक्यात असते, कागदावर नाही. होडीच्या आतल्या भिंतीवर, इंजिनाच्या वरच्या बाजूला, पक्क्या रंगात चार ओळी लिहिल्या तरी पुढच्या माणसाला हातोडी कुठे ठोकायची ते कळेल.