इनामगावची गोल झोपडी

सह्याद्री ढगांना घाटमाथ्यावरच रिकामं करतो. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तर पूर्वेला शिरूरकडे जेमतेम पाचशेच्या आसपास. त्याच शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून तिथं उत्खनन केलं आणि तीन हजार वर्षांपूर्वीचं गाव उघडं पडलं.

आधीची घरं चौकोनी, ऐसपैस. कुडाच्या भिंती मातीनं लिंपलेल्या. शेतात जव पिकायचा. पुराचं पाणी पाटानं वळवलेलं होतं. पाट म्हणजे सरकारी योजना, असं आपल्याला वाटतं!

इसवी सनपूर्व १००० च्या सुमारास घरं बदलली. लहान, गोल झोपड्या आल्या. उत्खनन करणारे म. के. ढवळीकर म्हणतात, पाऊस घटला, शेती हटली, माणसं शेळ्यामेंढ्यांमागं फिरू लागली. ऊसतोडीला निघताना दाराला कुलूप लावणाऱ्या मैत्रिणींना हे वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. दगावलेलं मूल हे लोक दोन मडक्यांत ठेवत, मडक्यांची तोंडं एकमेकांना लावत आणि राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरत. मोठ्या माणसाला पुरताना घोट्याखाली पाय तोडत. मेलेल्यानं घर सोडून जाऊ नये म्हणून असेल, असा एक तर्क आहे. इसवी सनपूर्व ७०० च्या सुमारास गाव ओस पडलं. लेकरं पुरलेली ती जमीन मागं ठेवून आया निघून गेल्या.