मालसाठ्याचे मूल्य : पद्धतीची निवड आणि पद्धतीतील बदल

वखारीतील माल डोळ्यांना दिसतो आणि हातांनी मोजताही येतो. त्याचे मूल्य मात्र हिशेबाची पद्धती ठरविते. आज वखारीचे हिशेब संगणकावर ठेवले जातात व पद्धतीची निवड पडद्यावरील एका रकान्यात होते. त्यामुळे ही निवड केवळ यांत्रिक सोय आहे, असा समज होण्याचा संभव आहे. त्या रकान्यामागे करव्यवस्था, न्यायालये आणि व्यापारी यांच्यातील दीर्घ वाद उभा आहे. त्या वादाचे काही टप्पे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रथम एक उदाहरण घेऊ. एका व्यापाऱ्याने १० रुपये दराने १०० नग घेतले, नंतर १४ रुपये दराने आणखी १०० नग घेतले आणि १८ रुपये दराने १०० नग विकले. आधी आलेला माल आधी गेला असे मानले, तर नफा ८०० रुपये व शिल्लक साठा १,४०० रुपयांचा ठरतो. शेवटी आलेला माल आधी गेला असे मानले, तर नफा ४०० रुपये व साठा १,००० रुपयांचा होतो. सरासरी दर धरल्यास हेच आकडे ६०० व १,२०० असे येतात. व्यवहार एकच असून नफे तीन निघतात. सर्व माल विकला गेल्यावर एकूण नफा तिन्ही पद्धतींत सारखाच येतो, हे खरे. परंतु कर वर्षाच्या नफ्यावर आकारला जातो, आणि वादाचे मूळ तेथेच आहे.

किमान आवश्यक साठा जुन्याच स्थिर दराने धरण्याची रीत काही धातुउद्योगांत रूढ होती. त्या रीतीमागचा युक्तिवाद असा, की कारखाना चालू ठेवण्यासाठी जो साठा कायम ठेवावाच लागतो, त्याच्या भाववाढीस नफा म्हणता येणार नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३० साली कॅन्सस सिटी स्ट्रक्चरल स्टील कंपनीच्या खटल्यात ही रीत करासाठी अमान्य ठरविली. न्या. ब्रँडाइस यांनी लिहिलेल्या या निर्णयाचा आशय असा, की वार्षिक करव्यवस्थेत एका वर्षाचा लाभ दुसऱ्या वर्षाच्या हानीत मिसळून टाकता येत नाही.

एक मार्ग बंद होताच व्यावसायिकांनी दुसरा शोधला. ‘शेवटी आलेला, आधी गेलेला’, म्हणजेच लायफो, या पद्धतीस १९३८च्या महसूल कायद्याने कातडी कमावणे व लोहेतर धातू अशा मर्यादित उद्योगांपुरती मान्यता दिली. १९३९ साली ती सर्वांना खुली झाली. मात्र त्याबरोबर एक अट आली. करासाठी ही पद्धती स्वीकारणाऱ्याने भागधारकांना दिलेल्या वार्षिक हिशेबातही तीच वापरली पाहिजे. सरकारला अल्प नफा व भागधारकांना विपुल नफा दाखविण्याची वाट अशा रीतीने रोखली गेली. दुसऱ्या महायुद्धात माल मिळेना तेव्हा जुन्या दराचे साठे नाइलाजाने संपू लागले आणि दबलेला नफा एकाएकी वर आला. अशा सक्तीच्या घटीसाठी १९४२च्या कायद्यात सवलत द्यावी लागली. कर पुढे ढकलला म्हणजे तो नाहीसा होत नाही, ही गोष्ट त्या प्रसंगाने स्पष्ट केली.

इतरत्र निराळा निर्णय झाला. १९५५ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने कॅनडातील अ‍ॅनाकोंडा अमेरिकन ब्रास या कंपनीच्या प्रकरणात करासाठी लायफो नाकारली. उलट १९७४च्या महागाईत अमेरिकेतील अनेक मोठ्या कंपन्यांनी आपण होऊन तिचा स्वीकार केला आणि करबचतीसाठी घटलेला नफा जाहीर करणे पत्करले. पुढे आंतरराष्ट्रीय हिशेबमानक क्रमांक २ मधून २००३च्या सुधारणेने ही पद्धती वगळण्यात आली. ती सुधारणा २००५पासून लागू झाली. मालाचा प्रत्यक्ष प्रवाह या पद्धतीत दिसत नाही आणि ताळेबंदात कालबाह्य दर राहतात, हे आक्षेप निर्णायक ठरले. भारतीय मानकाने १९९९च्या सुधारणेत परस्परांच्या जागी चालू शकणाऱ्या मालासाठी ‘आधी आलेला, आधी गेलेला’ व भारित सरासरी या दोनच पद्धती ठेवल्या होत्या. अमेरिकेत मात्र लायफो टिकून राहिली.

या इतिहासात निवडीइतकेच महत्त्व बदलाला आहे. पद्धती दरवर्षी बदलता आली, तर नफा इच्छेनुसार घडविता येईल. म्हणून भारतात २०१६ साली अधिसूचित झालेल्या प्राप्तिकरविषयक मानकाने वाजवी कारणाशिवाय बदल करू नये असा दंडक घातला. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार ऐच्छिक बदलाने अधिक उपयुक्त व विश्वसनीय माहिती मिळाली पाहिजे, आणि सामान्यतः मागील वर्षांचे आकडेही नव्या पद्धतीने पुन्हा मांडावे लागतात.

हाताने लिहिलेल्या वहीत असा बदल करणे कष्टाचे होते. ते कष्टच एक प्रकारचा पहारा होता. संगणकाने तो पहारा उठविला. मागील तारखेची एक आवक नोंदविली, तरी चालत्या सरासरीने त्यानंतरच्या प्रत्येक जावकेचा दर बदलू शकतो. लायफोचा हिशेब प्रत्येक विक्रीच्या वेळी करावा की वर्षअखेरीस, यावरूनही उत्तर वेगळे येते. म्हणून प्रत्येक आवकेची तारीख, नग व दर अबाधित राखणे, बंद केलेला कालखंड पुन्हा न उघडणे आणि बदलाचे कारण, दिनांक व परिणाम लेखी ठेवणे, ही जबाबदारी आता यंत्राकडून माणसाकडे आली आहे.

पद्धती मालाचे सत्य सांगत नाही. ते सत्य कोणत्या गृहीतावर वाचावयाचे, एवढेच ती सांगते. ते गृहीत उघड असावे आणि सोयीप्रमाणे पालटू नये, हाच या वादाच्या सर्व टप्प्यांतून पुढे आलेला आग्रह आहे. संगणकाच्या काळातही तो कमी होण्याचे कारण नाही.