पडदा झोपतो तेव्हा

३१ जुलै २०२३ची संध्याकाळ. घनसावंगी तालुक्यातल्या मामांच्या गावी, त्यांच्या सेवा केंद्राबाहेरच्या बाकावर दहा-बारा माणसं बसली होती. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी. तीत सातबारा, बँकेचं पासबुक, आधार कार्ड आणि पीकपेऱ्याचं स्वयंघोषणापत्र. त्या खरिपापासून राज्यात एक रुपयात पीकविमा सुरू झाला होता आणि अर्जाची मुदत त्या रात्री संपत होती. पुढे ती तीन दिवसांनी वाढली, पण बाकावरच्या माणसांना ते तेव्हा माहीत नव्हतं.

दुपारपासून लाईट गेलेली. केंद्र इन्व्हर्टरवर चालू होतं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा सोयाबीन आणि तुरीचा अर्ज अर्धा भरून झाला होता, तेवढ्यात त्यांच्या पासबुकावरचा आकडा लागेना, म्हणून मामा ते उजेडात धरून बघायला दारापाशी गेले. परत आले तर पडदा काळा. माऊस हलवला, कळा दाबल्या. काही नाही. मॉनिटरच्या कडेचा पिवळा दिवा तेवढा मिणमिणत होता.

"कामून असं करायलंय हे? आत्ता तर चांगलं चालू होतं," मामा म्हणाले.

म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "माझा अर्ज पुसला का काय?"

मी सुट्टीवर आलेलो. घरात कॉम्प्युटरचं म्हणून जे काही बिघडतं ते माझ्याकडे येतं, तसं हेही आलं. मशीन बंद करून पुन्हा चालू करणं सोपं होतं, पण मग बाबांचा अर्ज पहिल्यापासून भरावा लागला असता. आधी हे कळायला हवं होतं की झोपलंय कोण: मशीन, मॉनिटर की दोघांच्या मधलं कुणीतरी? या प्रश्नाला चाळीस वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवातीला पडदा झोपवायचा तो वीज वाचवायला नव्हे, काच वाचवायला. जुन्या पेटीसारख्या मॉनिटरमध्ये काचेच्या आतल्या बाजूला फॉस्फरचा थर असे. तेच चित्र तासन् तास एकाच जागी राहिलं की तिथला थर झिजायचा आणि मॉनिटर बंद केल्यावरही अक्षरांची सावली दिसत राहायची. जॉन सोचा या प्रोग्रॅमरनं १९८३च्या डिसेंबरमध्ये एका मासिकात छोटासा प्रोग्रॅम छापला. तीन मिनिटं कुणी कळ दाबली नाही की तो पडदा काळा करी. नंतर त्या काळ्या पडद्यावर मासे पोहू लागले, पंख फुटलेले टोस्टर उडू लागले. गंमत अशी की त्यात वीज फारशी वाचत नव्हती. मासे पोहतानाही मॉनिटर जवळपास तेवढीच वीज खाई.

विजेचा विचार आला तो १९९२ साली. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं 'एनर्जी स्टार' हे चिन्ह सुरू केलं आणि ते सर्वांत आधी कॉम्प्युटर व मॉनिटर यांनाच दिलं. अट साधी होती: काम नसताना मॉनिटरनं ३० वॅटच्या वर जायचं नाही. पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारनं आपल्या कार्यालयांना असलीच यंत्रं घ्यायला सांगितलं. एवढं मोठं गिऱ्हाईक म्हटल्यावर कंपन्यांना पर्याय उरला नाही.

पण मॉनिटरला कळणार कसं की आता झोपायचं? त्याचा संकेत १९९३ साली ठरला आणि तो मला आजही सुंदर वाटतो. चित्राच्या तारेतून रंगांबरोबर दोन ठोकेही जातात. एक प्रत्येक आडव्या ओळीचा, दुसरा प्रत्येक पूर्ण चित्राचा. ठरलं असं: दोन्ही ठोके येत असतील तर जागं राहायचं. ओळीचा ठोका थांबला तर डुलकी. चित्राचा थांबला तर जरा गाढ. दोन्ही थांबले तर पूर्ण झोप. नवी तार नाही, नवी पिन नाही. १९८७ साली आयबीएमनं आणलेल्या त्या पंधरा पिनांच्या व्हीजीए जोडणीतूनच हे सगळं भागलं. मॉनिटरनं फक्त कान देऊन असायचं. ठोका आला की उठायचं.

अमेरिकेत ही युक्ती वीजबिलासाठी आली. आमच्याकडे तिचा अर्थ वेगळा झाला. २००५ नंतरची काही वर्षं मराठवाड्यातल्या कुणाला आठवत नसतील असं नाही. लोडशेडिंगच्या वेळापत्रकावर दळण, पाणी आणि परीक्षेचा अभ्यास चाले. मी एमएस-सीआयटी केलं ते त्याच दिवसांत. वर्गातले पेटीवाले मॉनिटर बॅटरी अशी पीत की सर बटणापाशीच उभे राहत आणि कुणी लिहायचं थांबलं की पुढे होऊन त्याचा पडदा बंद करत. मामांनी केंद्र काढलं तेव्हा सपाट पडदे आले होते, वीज कितीतरी कमी लागत होती, पण सवय तीच राहिली. दोन मिनिटं हात थांबला की पडदा झोपावा, हे सेटिंग मामांनी स्वतः केलेलं होतं. बॅटरी पुरायला हवी ना!

त्या संध्याकाळी मी पहिली परीक्षा कीबोर्डची घेतली. कॅप्स लॉक दाबलं, तर त्याचा दिवा लागला. पुन्हा दाबलं, विझला. म्हणजे मशीन जागं होतं. "बाबा, अर्ज आहे आत," मी म्हटलं, "फक्त दिसत नाहीये." मग मॉनिटरची वीज काढून दहा सेकंदांनी परत दिली. पडद्यावर आधी कंपनीचं नाव उजळलं, मग 'सिग्नल नाही' अशा अर्थाची पाटी आली आणि पुन्हा अंधार. म्हणजे पडदा आणि त्यामागचा उजेड दोन्ही ठीक होते. पाटीही आली नसती, तर टॉर्च तिरपी धरून पुसट चित्र दिसतंय का ते पाहावं लागलं असतं. तसं दिसलं तर मागचा दिवा गेला असं समजायचं.

राहिली मधली वाट. मॉनिटर जुना, त्याला फक्त व्हीजीए. मशीन नवीन, त्याला फक्त एचडीएमआय. दोघांच्या मधे बोटाएवढा कन्व्हर्टर.

इथे इतिहासाचा दुसरा भाग सुरू होतो. १९९४ पासून मॉनिटर आपली ओळख सांगू लागले: मी अमुक, मला एवढी रुंदी-उंची चालते. २००२ साली एचडीएमआय ठरलं, तेव्हा या ओळखीला रीतसर कार्यक्रम आला. मशीन अठराव्या पिनेतून पाच व्होल्ट देतं, मॉनिटर एकोणिसाव्या पिनेतून 'मी आहे' म्हणून कळवतो, मग मशीन त्याची ओळख वाचतं, आणि मगच चित्र पाठवतं. पूर्वी एकानं हाक मारायची आणि दुसऱ्यानं उठायचं, एवढंच होतं. आता दोघांची ओळख पटावी लागते.

आणि आमच्याकडे तर मधे तिसरा बसला होता. कन्व्हर्टरला स्वतःची वेगळी वीज नसते. तो त्याच पाच व्होल्टवर जगतो, आणि त्या पिनेतून ५५ मिलिअँपिअर एवढ्याच प्रवाहाची हमी असते. स्वस्त कन्व्हर्टरला तेवढ्यात भागवणं कठीण जातं. झोपेतून उठताना त्यानं 'मी आहे' म्हणायला उशीर केला की मशीन समजतं, समोर कुणी नाहीच. मशीन जागं, मॉनिटर धडधाकट, आणि तरी मधे अंधार.

मी कन्व्हर्टर एचडीएमआयच्या टोकाकडून उपसला, पाचपर्यंत मोजलं, परत खुपसला. दोन सेकंद काही नाही. मग पडदा उजळला. सोयाबीन, तूर, गट नंबर, सगळं जागच्या जागी. बाबा जवळ येऊन स्वतःचं नाव वाचून गेले.

मी पडदा झोपण्याचं सेटिंग बंद केलं. मामांचा जीव बॅटरीत. म्हणाले, "आन् रात्री दहापर्यंत बॅटरी पुरायची कशी?" मग उपाय त्यांनीच काढला. उठून दारात जायचं झालं की मॉनिटरच्या कडेचं बटण बोटानं दाबायचं, आल्यावर परत दाबायचं. तसं केलं की मशीनकडून चित्र येतच राहतं, कन्व्हर्टरची वीज तुटत नाही, ओळख पुसली जात नाही. माझ्या एमएस-सीआयटीच्या सरांची पद्धत!

शेवटचा अर्ज गेला तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. पुढच्या आठवड्यात मी जालन्याहून चांगला कन्व्हर्टर आणून दिला. तो आजही चालतोय, झोपेतून नीट उठवतोय. मामा मात्र अजून बटणच दाबतात.