जोत्यावरचे जंगल

कोयना आणि वारणा या नद्यांच्या वरच्या खोऱ्यांना आज आपण सह्याद्री व्याघ्र प्रकल्प या नावाने ओळखतो. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत पसरलेले हे सुमारे ११६५ चौरस किलोमीटरांचे क्षेत्र जानेवारी २०१० मध्ये व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर झाले. त्याचे वर्णन करताना ‘निबिड’, ‘आदिम’, ‘अस्पर्श’ ही विशेषणे लेखणीतून आपोआप उतरतात. त्यांतल्या ‘अस्पर्श’ या एकाच विशेषणाची तपासणी मला येथे करायची आहे. हा वाद केवळ शब्दाचा नाही. या जंगलावर कोणाचा हक्क होता आणि आज कोणाचे म्हणणे ऐकले जावे, याचे उत्तर त्या शब्दात नकळत देऊन टाकलेले असते.

पहिला पुरावा जुनाच आहे. जावळीचे खोरे म्हटले की दाट अरण्य आणि प्रतापगडाखालची १६५९ ची भेट आठवते. पण त्याआधी जावळी ही चंद्रराव मोऱ्यांची जहागीर होती, आणि गावांवाचून जहागीर कसली? वसूल द्यायला रयत हवी, रयतेला शेत हवे. कोयनेच्या काठावरचा वासोटा, म्हणजेच व्याघ्रगड, हाही निर्जन रानातला किल्ला नव्हता. पेशवाईच्या अखेरीस छत्रपतींच्या कुटुंबीयांना तेथे ठेवले होते आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा चढवून तो घेतला. तोफा, शिबंदी आणि दाणागोटा वर न्यायचा तर खाली वाटा, माणसे आणि बैल असावेच लागतात. नावात वाघ आहे आणि पायथ्याशी वस्ती आहे, असेच हे खोरे शतकानुशतके होते.

दुसरा पुरावा झाडांचा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याचे नियम आहेत. आंबा, फणस ही झाडे रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, त्यांना जबरदस्तीने हात लावू नये, असा त्यांचा आशय आहे. रानात हिंडताना मला या नियमाचा उलट उपयोग होतो. जांभूळ, अंजनी, गेळा यांच्या गर्दीत एका ओळीत उभे आंबे दिसले, की जवळपास घर होते असे समजावे. थोडे पुढे गेले की दगडी जोते सापडते, कधी वृंदावनाचा चौथरा, कधी देवळासमोरची वीरगळ. उतारावर पायऱ्यांसारखे बांध दिसतात. ती भाताची खाचरे होती. त्यांच्या वरच्या अंगाला नाचणी आणि वरी पिकत असे, आणि सड्यांवर गवळी धनगरांची गुरे चरत. या साऱ्यांच्या कडेला देवराया राखलेल्या असत. येथील माणूस झाडे तोडत होता आणि राखतही होता.

मग हे खोरे रिकामे कसे झाले? कोयना महाबळेश्वराजवळ उगम पावून सह्याद्रीच्या कण्याला समांतर दक्षिणेकडे वाहते आणि हेळवाकजवळ पूर्वेकडे वळून कऱ्हाडला कृष्णेला मिळते. या वळणाजवळ १९५० आणि ६० च्या दशकांत धरण उभे राहिले. १०३ मीटर उंचीच्या भिंतीमागे शंभर टीएमसीहून अधिक पाणी साठले, त्याला शिवसागर नाव मिळाले. हे पाणी डोंगर पोखरून पश्चिमेला पोफळीकडे उतरवले गेले आणि त्याच्या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने चालले. खोऱ्यातली शंभराच्या आसपास गावे मात्र उठली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा १९७६ चा. म्हणजे ही गावे उठली तेव्हा त्यांच्या बाजूने उभा राहील असा कायदाच अस्तित्वात नव्हता.

काही कुटुंबे सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे अशा जिल्ह्यांत पांगली. मुसळधार पावसात वाढलेल्या माणसांना कोरड्या माळावर जमीन मिळाली. काही जण जिल्हा न सोडता पाण्याच्या रेषेच्या वर, आपल्याच गावाच्या डोंगरात सरकले. त्यांची गावे रस्त्यापासून तुटली आणि लाँच हेच त्यांचे वाहन झाले. त्यातच ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला. कोयनानगर कोसळले, दीडशेहून अधिक माणसे दगावली. धरण टिकले, पण खोऱ्यात राहण्याचा धीर आणखी खचला.

तिसरा टप्पा १९८५ चा. त्या वर्षी सुमारे ४२३ चौरस किलोमीटरांचे कोयना अभयारण्य जाहीर झाले. धरणाच्या पाण्याला टाळून वर सरकलेली माणसे या वेळी कागदावरच्या रेषेत सापडली. त्याच वर्षी वारणेच्या खोऱ्यात चांदोली अभयारण्य झाले. तेथेही धरण होते, वसंतसागर होता, बुडालेली गावे होती. २००४ मध्ये चांदोलीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. अभयारण्यात काही हक्क सवलतीने चालू राहू शकतात, राष्ट्रीय उद्यानात चराईला आणि वस्तीला जागा नसते. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा मानले, तेव्हा कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही नावे त्या यादीत आली. वारसा जगाचा झाला, पण तिथल्या वारसांचे जमिनीचे अर्ज कचेऱ्यांतच राहिले. डॉ. भारत पाटणकर आणि श्रमिक मुक्ती दल यांच्या नेतृत्वाखाली धरणग्रस्तांना पुढच्या पिढीतही कोयनानगरात ठिय्या द्यावा लागला, तो याच कारणाने.

येथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. माणसे गेल्यावर जंगल वाढले, यात शंका नाही. सोडलेल्या खाचरांची कुरणे झाली आणि तेथे गवे चरू लागले. कुऱ्हाड थांबली, वणवे कमी झाले, ओढे भर उन्हाळ्यात वाहते राहिले. मे २०१८ मध्ये कॅमेऱ्यात पट्टेरी वाघ टिपला गेला. दक्षिणेकडे गोवा-कर्नाटकापर्यंत जाणारी वाघांची वाट जिवंत असल्याची ती खूण होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्यातली एक वाघीण चांदोलीत आणून सोडण्यात आली. हे सारे नाकारून माणसे पुन्हा आत वसवा, असे मी म्हणत नाही. कुरणात गवा उभा असेल तर ते कुरण त्याचेही आहे. पण ते कुरण कोणीतरी बांध घालून सपाट केले होते, हेही तितकेच खरे. रानाने ते आयते घेतले.

जंगल वाढवण्यासाठी माणसे उठवावीच लागतात का? याचे उत्तर सांगली जिल्ह्यातच आहे. कडेगाव, पलूस आणि वाळवा तालुक्यांच्या सीमेवरचे सागरेश्वराचे डोंगर एकेकाळी उघडेबोडके होते. मोहित्यांचे वडगावच्या धों. म. मोहिते यांनी आसपासच्या लोकांना हाताशी धरून तेथे झाडे लावली, राखली, आणि सरकारकडे पाठपुरावा करून १९८५ मध्ये त्याचे अभयारण्य करवून घेतले. क्षेत्र जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटर. एकाच वर्षी एकाच घाटमाथ्याच्या परिसरात दोन तऱ्हेची अभयारण्ये झाली, एक माणसे गेल्यामुळे आणि एक माणसे आल्यामुळे. अलीकडे सागरेश्वरातले चितळ पकडून चांदोलीत सोडण्यात आले, वाघाला भक्ष्य मिळावे म्हणून. ज्याला आपण आदिम म्हणतो त्या रानाची शिदोरी लोकांनी लावलेल्या रानातून गेली. सागरेश्वर छोटे आहे, तेथे वाघ राहू शकत नाही, हे मान्य. पण राखणदार गावातूनच उभा राहू शकतो, एवढे ते सिद्ध करते.

म्हणून ‘अस्पर्श’ हा शब्द मी नाकारतो. तो इतिहासाच्या दृष्टीने चुकीचा आहे, आणि संरक्षणाच्या दृष्टीने घातकही. ज्यांच्या आठवणीतून आपण त्यांचे गाव पुसले, त्यांनी जंगल आपले मानावे अशी अपेक्षा कशी धरणार? बफर क्षेत्रातल्या गोठ्यातले वासरू बिबट्याने नेले तर नुकसानभरपाई लागतेच, पण त्याआधी लागतो तो विश्वास.

करण्यासारखे काम साधे आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या नकाशावर गवताच्या पट्ट्यांना क्रमांक देण्याबरोबर त्यांच्या मूळ गावांची नावे लिहावीत. वाटाड्या म्हणून घेतलेल्या मुलांना जोती ओळखायला शिकवावे. त्यांच्या आजोबांना ती आधीच ठाऊक आहेत. आणि मूळ गावच्या ग्रामदेवतेच्या दर्शनाला वर्षातून एकदा जाणाऱ्यांना परवानगीसाठी ताटकळत ठेवू नये. त्या पिढीतले बहुतेक जण आता सत्तरीच्या पुढे आहेत. कुठल्या खाचराला काय नाव होते आणि देवराई कुठे संपत होती, हे विचारून टिपून ठेवायला फार वर्षे उरलेली नाहीत.