घर झपाटलेलं की माणूस?

शर्ली जॅक्सन या अमेरिकन लेखिकेची 'द हाँटिंग ऑफ हिल हाऊस' ही कादंबरी १९५९ साली आली. भुताच्या घराच्या कादंबऱ्यांची कुठलीही यादी काढा, ही त्यात असतेच. आणि गंमत म्हणजे हिच्यात भूत शेवटपर्यंत दिसत नाही! दारं आपोआप मिटतात, रात्री कुणीतरी दारावर धडाधडा ठोकतं, भिंतीवर खडूने लिहिलेला मजकूर सापडतो. बस्स. पण ज्यांना ज्यांना मी ही गोष्ट वाचायला दिली किंवा रंगवून सांगितली, त्यांच्यात हटकून जुंपली आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. एलेनॉर ही बत्तीस वर्षांची बाई. आजारी आईची सेवा करण्यात तिची अकरा वर्षं गेली आहेत. आई गेली, आता ती बहिणीच्या घरी राहते, भाचीच्या खोलीत खाटेवर झोपते. स्वतःचं म्हणावं असं तिला काही नाही. एक प्राध्यापक हिल हाऊस नावाच्या बदनाम घराचा अभ्यास करायला माणसं बोलावतात, त्यात हिला पत्र येतं. बहिणीशी सामाईक असलेली गाडी ती न विचारता काढते आणि निघते. त्या घराचे कोपरेसुद्धा काटकोनात नाहीत. तिथे तिचं काय होतं ते सांगत नाही, ज्यांना वाचायचंय त्यांचा रसभंग नको.

आमच्या घरचे वाचक म्हणाल तर प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. इंजिनिअर मामेभाऊ म्हणाला, "भूत-बित काही नाही. बाई मनाने खचलेली आहे, सगळं तिच्या डोक्यात चाललंय." आत्याला उलट खात्री की घरच वाईट, वास्तुशांत न करता राहायला गेल्यावर दुसरं काय होणार! एका भाचीने पुस्तक अर्ध्यात ठेवलं, कारण 'काही घडतच नाही'. आणि काकू, जिने अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं नऊ वर्षं केलं, ती सगळं ऐकून एवढंच म्हणाली, "तिची बहीण कुठे होती गं इतकी वर्षं?"

काकूचा प्रश्न बाजूला ठेवू, त्याच्याकडे यायचंच आहे.

'घर की माणूस' हा वाद काही आमच्या घरचा शोध नाही. हेन्री जेम्सची 'द टर्न ऑफ द स्क्रू' १८९८ साली आली, तेव्हा बहुतेकांनी ती सरळ भूतकथा म्हणून वाचली. १९३४ साली एडमंड विल्सन या समीक्षकाने लिहिलं की त्यातली भुतं गव्हर्नेसच्या मनाची पैदास आहेत, आणि मग विद्वानांची भांडणं काही दशकं पुरली. हिल हाऊसवर निघालेल्या दोन सिनेमांतही हेच दोन पक्ष दिसतात. १९६३ च्या सिनेमात नुसते आवाज आणि एक फुगणारं दार. १९९९ च्या सिनेमात कॉम्प्युटरच्या करामतीने सगळं डोळ्यांसमोर आणलं, आणि भीती मात्र पळून गेली.

आपल्याकडे गोष्ट आणखी निराळी. आपली भुतं बहुधा घरात राहतच नाहीत. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीपाशी, वेताळ गावाबाहेर. घरात शिरलाच तर समंध, आणि त्यालाही कारण लागतं. काहीतरी पुरलेलं असतं, कुणाचा तरी वाटा बुडालेला असतो. कारण कळलं की उपाय होतो. म्हणून मराठी वाचक पहिला प्रश्न विचारतो, "कुणाचं काय राहिलं होतं?" जॅक्सनबाई याचं सरळ उत्तर देत नाहीत, आणि आपल्याला चुकल्याचुकल्यासारखं होतं.

पण कादंबरीत एक जागा अशी आहे की ती वाचताना मी आपल्याच गावात पोचलो. एलेनॉर बारा वर्षांची असताना, वडील गेल्यावर महिनाभरातच, त्यांच्या घरावर तीन दिवस दगड पडत होते. एलेनॉरला वाटतं बहिणीमुळे, बहिणीला वाटतं एलेनॉरमुळे, आणि आई म्हणते शेजाऱ्यांचं काम. आपल्याकडे याला एका शब्दात भानामती म्हणतील. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अशी कितीतरी घरं पाहिली. त्यांचं म्हणणं ठाम असतं की दगड टाकणारा हात माणसाचाच असतो, आणि बहुतेक वेळा घरातल्याच, कसल्यातरी त्रासात असलेल्या माणसाचा. मला मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. तो हात सापडला तरी त्याचा चारचौघांत पंचनामा करायचा नाही, त्याचा त्रास काय आहे ते बघायचं. म्हणजे 'भूत नाही' हे सिद्ध केल्यावर काम संपत नाही, तिथून पुढे ते सुरू होतं.

हे सगळं डोक्यात असताना मला आठवतो तो नगरचा एक राजा. (शहराचं नाव २०२४ पासून अधिकृतपणे अहिल्यानगर आहे, पण मी बोलतोय ते निजामशाहीच्या नगरबद्दल.)

मुर्तजा निजामशाह, कारकीर्द १५६५ ते १५८८. त्याचा वजीर चंगीजखान. त्याच्याच कर्तबगारीवर १५७४ मध्ये वऱ्हाड निजामशाहीत आलं. त्यानंतर थोड्याच काळात राजाच्या कानाशी लागणाऱ्यांनी सांगितलं की हा वऱ्हाडात स्वतःचं राज्य थाटणार. राजाने विश्वास ठेवला आणि वजिराला विष पाठवलं. वजिराने ते प्यायलं. तो निर्दोष होता हे राजाला मागाहून कळलं. मग राजाने लोकांना भेटणं सोडलं आणि स्वतःला कोंडून घेतलं, ते वर्षानुवर्षं. शहराबाहेरच्या हश्त बिहिश्त बागेशी त्याच्या एकांताच्या कथा जोडलेल्या आहेत. कारभार सलाबतखानासारखी माणसं पाहत होती. पुढे त्याला आपल्याच मुलाचा संशय यायला लागला. मुलगा मिरान हुसेन झोपलेला असताना त्याच्या अंथरुणाला आग लावून राजाने दार बंद केलं, असं फरिश्ता लिहितो. मुलगा वाचला. १५८८ मध्ये त्याच मुलाने बापाला हमामखान्यात कोंडून, दारं-खिडक्या लावून, खाली जाळ केला. राजा गुदमरून मेला. वर्षभरात मुलगाही मारला गेला.

बंद दार, आग, पुन्हा बंद दार. कादंबरीकाराला याहून जास्त काय हवं?

इतिहासात मुर्तजाचं नाव राहिलं ते 'दिवाणा'. म्हणजे वेडा. मामेभावाचा पक्ष जिंकला म्हणायचा! हे सगळं तपशिलात सांगणारा फरिश्ता तेव्हा नगरच्याच दरबारी होता, त्याचे वडील मिरान हुसेनचे शिक्षक, आणि राजाला उतरवलं त्या दिवशी तो स्वतः पहाऱ्याच्या शिपायांत होता. पण ग्रंथ त्याने पुढे विजापूरच्या आदिलशहाच्या आश्रयाला जाऊन लिहिला, आणि शेजारच्या दरबारात बसून नगरच्या राजाला वेडा म्हणणं फारसं अवघड नव्हतं, हेही ध्यानात ठेवावं लागतं. दुसरा कुणी म्हणेल हे वेड नव्हे, पश्चात्ताप. तिसरा म्हणेल, निरपराध माणसाचं रक्त, ते घराला लागणारच.

तिन्ही वाचनांना माझी हरकत नाही. पण 'वेडा' हा शब्द फार सोयीचा आहे. तो उच्चारला की कान भरणारे सुटतात, राजा आत बसलाय तोवर आपापलं साधून घेणारे सुटतात. 'घरच वाईट' म्हटलं तरी तेच होतं. एलेनॉरचंही तसंच. आई रात्री भिंत ठोकत होती आणि आपण उठलो नाही, किंवा कदाचित उठून पुन्हा झोपलो, हे ओझं ती एकटी वागवते आहे. हिल हाऊसमध्ये रात्री दारावर थाप पडते तेव्हा तिला पहिल्यांदा आईच वाटते. ही थाप भुताची की मनाची, यावर आपण तासन् तास वाद घालतो. अकरा वर्षं ती थाप फक्त हिलाच का ऐकू जात होती, हे विचारायचं मात्र राहून जातं.

म्हणून आमच्या घरच्या वाचकांत मी पहिला नंबर काकूला देतो. तिने भूत आहे की नाही हे विचारलंच नाही. बहीण कुठे होती, एवढंच विचारलं. आणि ते विचारताना आमच्यापैकी कुणाकडेही पाहिलं नाही, हा तिचा मोठेपणा.