तीनशे जीबी, दोन सेकंद

(वेळा यूटीसीतल्या आहेत. भारतातली वेळ काढायची तर साडेपाच तास मिळवावेत.)

३१ जानेवारी २०१७ उजाडण्याआधीच

गिटलॅब डॉट कॉम म्हणजे जगभरच्या प्रोग्रामरांनी आपला कोड ठेवायची आणि त्यावर एकमेकांशी वाद घालायची जागा. कोड एका बाजूला, वेगळ्या सर्व्हरांवर. बाकी सगळं, म्हणजे कोणाचा कोणता प्रकल्प, कोण काय म्हणालं, कोणाचं खातं, हे पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये. मुख्य सर्व्हर डीबी१. त्याच्यावर होणारा प्रत्येक बदल लगोलग उतरवून घेणारा दुसरा सर्व्हर डीबी२.

डेटाबेसचा पूर्ण उतारा रोज काढून ॲमेझॉनच्या एस३ साठवणीत टाकायचा, असं ठरलेलं होतं. तो काढायचा पीजी-डम्प नावाचा प्रोग्राम. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा होता आणि पीजी-डम्प चालत होता ९.२ चा. कोणती आवृत्ती चालवायची हे ठरायचं डेटाबेसच्या फोल्डरमधल्या एका फाइलवरून. पण उतारा ज्या सर्व्हरवरून निघायचा तिथे ते फोल्डरच नव्हतं. फाइल सापडली नाही की जुनी आवृत्ती उचलली जायची, जुनी आवृत्ती नवा डेटाबेस बघून चूक दाखवायची आणि काम तिथेच संपायचं. एस३ मध्ये काहीच पोचत नव्हतं.

चूक झाली की ईमेल जाईल, अशी सोय होती. ईमेल जातही होती. पण तिच्यावर डीमार्कला, म्हणजे ईमेल बनावट नाही ना हे तपासणाऱ्या पद्धतीला, लागणारी सही नव्हती, त्यामुळे समोरचा मेल सर्व्हर ती परतवून लावायचा. बॅकअप बंद पडला होता आणि तो बंद पडल्याचं सांगणारंही बंद पडलं होतं. घड्याळ खरं तर इथूनच सुरू होतं. पुढचे सहा तास लोकांना आठवतात ते त्यातला नाट्यमय भाग म्हणून.

१७:२०

एका अभियंत्याला डेटाबेसवरचा भार अनेक सर्व्हरांत वाटण्याचा प्रयोग करायचा आहे. चाचणीच्या सर्व्हरवर, म्हणजे स्टेजिंगवर, ताजा डेटा हवा. तसा स्नॅपशॉट, म्हणजे डेटाची त्या क्षणाची प्रत, चोवीस तासांतून एकदा आपोआप निघतो, पण याला थांबायचं नाही. तो हातानेच एक काढतो आणि स्टेजिंगवर चढवतो. बॅकअप घ्यावा असा विचारही त्याच्या मनात नाही. भारतात रात्रीचे दहा पन्नास.

१९:००

डेटाबेसवरचा भार चढू लागतो. स्पॅमवाल्यांचा उपद्रव असावा असा संशय. आठवडाभर असे झटके येत होतेच, आजचा मोठा आहे. लोकांना प्रतिक्रिया टाकता येत नाहीत. यातला काही भार घरचाच होता, हे नंतर कळलं: कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्याविरुद्ध गैरवापराची तक्रार झाली होती, ते खातं चुकून पुसायच्या यादीत गेलं होतं आणि त्याच्या सगळ्या नोंदी खोडण्याचं काम मागे चालू होतं.

आवरायला काही तास जातात.

२३:००

भार उतरला, पण डीबी२ मागे पडलेला. पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी आपल्या रोजकीर्दीत लिहितो, आणि दुसरा सर्व्हर ती वाचत वाचत मुख्य सर्व्हरच्या बरोबरीने चालतो. आज डीबी२ इतका मागे राहिला की त्याला हवी ती पानं डीबी१ ने एव्हाना काढून टाकली होती. जुनी पानं वेगळी कुठे साठवून ठेवायची व्यवस्था नव्हती. आता एकच उपाय: डीबी२ वरचं डेटा फोल्डर रिकामं करायचं आणि पीजी-बेसबॅकअप चालवून सगळं नव्याने उतरवायचं.

इथे एक गोष्ट नीट बघायला हवी, कारण घराघरात हाच गैरसमज आहे. डीबी२ ही प्रत होती, बॅकअप नव्हता. मुख्य सर्व्हर जळाला तर ती कामाला आली असती. मुख्य सर्व्हरवर कोणी काही खोडलं तर तीही निमूट तेच खोडते. फोनमधले फोटो क्लाउडशी जुळवून ठेवलेत म्हणून निर्धास्त असलेल्यांनी फोनवरून एक फोटो पुसून मग दुसऱ्या यंत्रावर बघावा.

पीजी-बेसबॅकअप सुरू होत नाही. प्रत पाठवणाऱ्या जोडण्या कमी पडताहेत असं सांगतो. डीबी१ वर ती मर्यादा ३ वरून ३२ केली जाते. आता पोस्टग्रेसच पुन्हा उठायला तयार नाही. एकाच वेळच्या जोडण्यांची मर्यादा ८,००० ठेवलेली, तिच्याबरोबर हे झेपत नाही. ती २,००० वर आणतात. पोस्टग्रेस उठतो. पीजी-बेसबॅकअप पुन्हा लावला जातो आणि या वेळी तो काहीच बोलत नाही. चूक नाही, प्रगती नाही, नुसता कर्सर.

खरं म्हणजे काही बिघडलेलं नव्हतं. मुख्य सर्व्हरकडून डेटा येईपर्यंत तो प्रोग्राम असाच गप्प बसतो. हे कंपनीच्या कार्यपुस्तिकेत नव्हतं आणि प्रोग्रामच्या अधिकृत माहितीतही धड लिहिलेलं नव्हतं. त्या शांततेत बसलेल्या माणसाला आणखी थोडं थांबावं हे सुचणार कसं? रात्र झालेली, तो खरं तर काम आटोपून उठणार होता.

साधारण २३:३०

त्याला वाटतं, आधीच्या फसलेल्या प्रयत्नांनी डीबी२ च्या फोल्डरमध्ये काही अर्धवट फाइली सोडल्या असतील. फोल्डर पुसून पुन्हा सुरुवात करावी. तो पुसण्याची कमांड देतो.

खिडकी डीबी१ ची आहे.

एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात येतं, तो कमांड थांबवतो. सुमारे ३०० जीबी डेटा गेलेला. उरले साडेचार. भारतात पहाटेचे पाच.

००:००, १ फेब्रुवारी

साइट बंद. शोधाशोध सुरू. डीबी२ तर नुकताच रिकामा केलेला. एस३ उघडलं, आत काही नाही. मायक्रोसॉफ्टच्या अझूरवर डिस्कचे स्नॅपशॉट घेता येतात. ते फाइल सर्व्हरांसाठी चालू होते, डेटाबेस सर्व्हरांसाठी कोणी चालू केलेच नव्हते. पाच उपाय कागदावर, एकही भरवशाचा नाही, असं कंपनीने स्वतःच जाहीरपणे लिहिलं.

हाताशी राहिला तो १७:२० चा, प्रयोगासाठी काढलेला स्नॅपशॉट. तो नसता तर नुकसान सहा-सात तासांचं न राहता जवळपास चोवीस तासांचं झालं असतं.

पुढचे अठरा तास

स्टेजिंगच्या डिस्क स्वस्तातल्या, म्हणून संथ. साधारण ६० मेगाबिट प्रतिसेकंद या गतीने डेटा निघू लागला. घरच्या ब्रॉडबँडवर चित्रपट उतरवणाऱ्याला ही गती ओळखीची वाटेल, ३०० जीबी उतरवणाऱ्याला ती जीवघेणी आहे. बॅकअप आहे का, हा प्रश्न सगळे विचारतात. तो परत चढवायला किती वेळ लागेल, हा प्रश्न बहुधा अशा रात्रीच पडतो.

कंपनीने मात्र या वेळात अनोखं काही केलं. कामाच्या नोंदींची फाइल सगळ्यांना उघडी करून दिली आणि दुरुस्तीचं थेट प्रक्षेपण यूट्यूबवर लावलं. डेटा सरकताना बघायला एका वेळी पाच हजारांच्या आसपास लोक बसले होते. पुण्या-बंगळुरूकडच्या वापरकर्त्यांचा बुधवारचा अख्खा कामाचा दिवस या प्रक्षेपणावर गेला.

१७:००

डेटाबेस जागेवर. स्टेजिंगवर डेटा चढवताना वेबहुक, म्हणजे प्रकल्पात काही घडलं की दुसऱ्या सेवेला कळवणाऱ्या जोडण्या, काढून टाकायची पद्धत होती, त्यामुळे ते यात नाहीत. ते वेगळे मिळवून बसवायचे.

१८:०० नंतर

साइट सुरू. भारतात रात्रीचे साडेअकरा. लोकांचा कोड सुरक्षित, कारण तो वेगळ्या सर्व्हरांवर होता. १७:२० पासून मध्यरात्रीपर्यंत डेटाबेसमध्ये जे लिहिलं गेलं ते गेलं: कंपनीच्या अंदाजाने किमान ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, ५,००० प्रतिक्रिया आणि सुमारे ७०० नवी खाती.

नंतरच्या सविस्तर अहवालात त्या अभियंत्याचं नाव नाही. सुधारणांच्या यादीत डेटा टिकून राहील हे बघण्याची जबाबदारी एका माणसाकडे देण्याचा मुद्दा आहे, आणि कमांड टाइप करतो त्या जागी सर्व्हर कोणता हे ठळक दिसावं, हाही. त्या रात्रीच्या नोंदींत रंगही सुचवले होते: मुख्य सर्व्हरला लाल, चाचणीच्या सर्व्हरला पिवळा.