वारा पडतो तेव्हा

साल १९८२. हाँगकाँग शहरातून निघालेली फेरीबोट तासाभराने तुम्हाला चेउंग चाव बेटाच्या धक्क्यावर उतरवते. इथे मोटारी नाहीत. सायकली, सुकत घातलेली मासळी, अरुंद गल्ल्या. बेटाची कंबर इतकी बारीक, की पाचेक मिनिटं चाललात की पलीकडचा समुद्र समोर येतो. हा तुंग वानचा किनारा.

उथळ पाण्यात बारा वर्षांची एक मुलगी फळीवर उभी आहे. दोन्ही हातांनी दोरी ओढून ती पाण्यात पडलेलं शीड उचलते आहे. शीड अर्धं वर येतं, वारा भलत्याच बाजूने शिरतो आणि ती धपकन पाण्यात पडते. तुम्ही पुढे धावाल, तोवर ती परत फळीवर चढलेली असते. तिच्या मामांचं इथे विंडसर्फिंग केंद्र आहे, तिथेच तिने हा नाद लावून घेतला. तिचं नाव ली लाय-शान. पुढे अख्खं हाँगकाँग तिला लाडाने ‘सान सान’ म्हणणार आहे.

आता १९९२, बार्सिलोना. महिलांचं विंडसर्फिंग ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच आलं आहे. सान सान अकरावी येते. पुढच्याच वर्षी ती जगज्जेती होते.

२९ जुलै १९९६. तुम्ही अमेरिकेत, जॉर्जियातल्या सव्हानाजवळ आहात. अटलांटा ऑलिंपिकच्या शर्यती इथल्या वासॉ साउंडच्या खाडीत चालू आहेत. उकाड्याने अंग चिकट झालंय. सगळ्यांना एकसारखीच ‘मिस्ट्रल’ फळी मिळाली आहे: लांबी पावणेचार मीटरच्या आसपास, शीड ७.४ चौरस मीटर. साधन सारखं, त्यामुळे फरक पडतो तो अंगातल्या ताकदीने आणि वाऱ्याच्या पारखेने. वाऱ्याच्या थेट तोंडावर जाता येत नाही. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं नागमोडी जात वाऱ्याच्या दिशेचा बोया, म्हणजे तरंगती खूण, गाठायचा. कुठे वळायचं, हे पाण्यावरच्या गडद सुरकुत्या सांगतात. तिथे झुळूक उतरलेली असते.

आणि वारा पडला तर? तिच्या हातांकडे बघा. बूम, म्हणजे शिडाचा आडवा दांडा, धरून ती शीड अंगाशी खेचते, सोडते, परत खेचते, पंख्याने वारा घालावा तसं. याला ‘पंपिंग’ म्हणतात. गुडघे, पाठ, खांदे एका लयीत चालतात. थांबलं की फळी मंदावते, म्हणून थांबायचं नाही. दम छातीत मावत नाही, तरी हात चालूच.

न्यूझीलंडची बार्बरा केंडल दुसरी, इटलीची अलेस्सांद्रा सेन्सिनी तिसरी. सोनं सान सानचं! हाँगकाँगचं हे पहिलंवहिलं ऑलिंपिक पदक. हाँगकाँग अजून ब्रिटिश वसाहत आहे; तिचा झेंडा चढतो, ब्रिटनचं राष्ट्रगीत वाजतं. अकरा महिन्यांनी, १ जुलै १९९७ ला, हाँगकाँग चीनकडे जाईल आणि तो झेंडा कायमचा उतरणार आहे. १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत ती नव्या झेंड्याखाली सुवर्ण जिंकते. १९९७ आणि २००१ मध्ये ती परत जगज्जेती होते. सिडनी ऑलिंपिकमध्ये सहावी, २००४ च्या अथेन्समध्ये चौथी. सुवर्णानंतरही दोनदा रिकाम्या हाताने परतली, पण पाण्यात उतरायची राहिली नाही. मला तिचं मोठेपण या दोन आकड्यांतही दिसतं. वारा आपल्या हातात नसतो, शीड असतं.

परत चेउंग चाव, आजचं. सान सानच्या पदकाची आठवण जपणारं शिल्प इथे आहे, ते बघून पाण्यात उतरा. भाड्याच्या फळीवर उभे राहा आणि दोरी हातात घ्या. शीड हलत नाही ना? पाण्याचा भार आहे त्यावर. हिसके देऊ नका. गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवून मागे रेला आणि पाणी निथळू द्या.

आता बघा, ते वर येतंय.